माफीचा नाराज साक्षीदार

योना म्हटलं की मासा आठवतो. संडे स्कूलच्या भिंतीवर मासा, नाताळच्या कार्यक्रमात पुठ्ठ्याचा मासा. प्रत्यक्षात बायबलमधलं योनाचं पुस्तक अवघं चार अध्यायांचं, 48 वचनांचं आहे, आणि मासा त्यात दोन-तीन वाक्यांपुरता येतो. बाकी सगळं पुस्तक एका रागाभोवती फिरतं. देवाने शत्रूला माफ केलं आणि देवाच्याच संदेष्ट्याला ते सोसलं नाही, हा तो राग.

रायपुरातल्या दोन वयस्क मराठी माणसांचा या रागावरून झालेला वाद इथे मांडतो आहे. बाई मूळच्या अहमदनगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. लग्न होऊन रायपूरला आल्या, शाळेत शिकवून निवृत्त झाल्या, बैरन बाजारात राहतात. वकीलसाहेब तात्यापाऱ्यातले. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आपलं घराणं इकडे आलं असं ते सांगतात. उभा जन्म फौजदारी कोर्टात गेला, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. म्हणूनच त्यांनी योनाची बाजू घेतली याचं मला नवल वाटलं. वादाला निमित्त झालं वर्तमानपत्रातल्या एका फोटोचं.

वकीलसाहेब : जगदलपूरचा फोटो बघितलात का बाई? 17 ऑक्टोबर 2025. एका दिवसात 210 नक्षलवादी शरण. हातात संविधानाची प्रत आणि लाल गुलाब. मला एकदम तुमचा योना आठवला.

बाई : माझा कसला? ज्यूंचा आहे, आमचा आहे, मुसलमानांचा यूनुस तोच. कुराणातल्या एका अध्यायाला त्याचं नाव आहे. पण फोटो बघून तो का आठवावा?

वकीलसाहेब : कारण तो फोटो बघून मला जसं झालं, तसंच त्याला झालं असणार. लोक सुखरूप परत आले याचं बरंही वाटलं आणि डोकंही फिरलं. झीरम घाटीतला नक्षली हल्ला विसरलो नाही मी. 25 मे 2013. नंदकुमार पटेल आणि त्यांचा मुलगा, महेंद्र कर्मा. आपल्या रायपूरचे विद्याचरण शुक्ल गोळ्या लागून पुढे पंधरवड्याने गेले. शिवाय ज्यांची नावं पेपरात आली नाहीत, ते अंगरक्षक, कार्यकर्ते. आणि आता गुलाब!

बाई : गोष्ट नीट आठवते का तुम्हाला, की मासाच आठवतो?

वकीलसाहेब : सांगा की. कोर्टात आधी वस्तुस्थिती, मग युक्तिवाद.

बाईंनी गोष्ट शिक्षिकेच्या पद्धतीने, भराभर सांगितली. योना हा अमित्तयचा मुलगा, गालीलातल्या गथ-हेफेरचा. इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात दुसरा यराबाम राज्य करत होता तेव्हाचा. देव म्हणाला, अश्शूरच्या निनवे शहरात जा आणि त्यांच्या दुष्टपणाबद्दल त्यांना बजाव. निनवे पूर्वेला. हा याफो बंदरात गेला आणि पश्चिमेला तार्शीशला जाणाऱ्या गलबतावर चढला. वादळ झालं, खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, याचं नाव निघालं, आणि याने स्वतःच सांगितलं, मला समुद्रात टाका. माशाने गिळलं, तीन दिवस पोटात, मग किनारा. मग निमूट निनवेला गेला आणि प्रवचन दिलं. मूळ हिब्रूत पाच शब्दांचं. चाळीस दिवसांत शहर उलथणार, एवढंच. पश्चात्ताप करा, सुटाल, असं काही नाही.

बाई : आणि त्या पाच शब्दांवर अख्खं शहर हललं. राजा सिंहासनावरून उतरला, गोणताट नेसला, राखेत बसला. त्याने हुकूम काढला की माणसांनीच नव्हे, गुराढोरांनीही उपास करायचा, त्यांच्याही अंगावर गोणताट घालायचं. देवाने पाहिलं आणि विचार बदलला. इतकं यश कुठल्या संदेष्ट्याला मिळालंय? यिर्मया जन्मभर रडत राहिला, त्याचं कोणी ऐकलं नाही. याचं ऐकलं, तर हा म्हणतो मला मरण दे.

वकीलसाहेब : मी तुम्हाला त्याचं वकीलपत्र घेऊन सांगतो. तो घाबरून पळाला नव्हता. चौथ्या अध्यायात तो देवाला तोंडावर सुनावतो की मला माहीत होतं तू असंच करणार. तू दयाळू, तू मंदक्रोध, तू शिक्षेचा विचार बदलणारा, म्हणूनच मी पळालो. म्हणजे देवाच्या कठोरपणाला नव्हे, देवाच्या दयेला भिऊन पळालेला माणूस आहे हा. आणि बाई, त्याचं काय चुकलं? मुलीकडे लंडनला गेलो होतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये लाखीशची शिल्पं पाहिली. अश्शूरच्या सन्हेरीबाने इ.स.पू. 701 मध्ये यहूद्यांचं लाखीश शहर घेतलं, त्याची ती पाषाणचित्रं. कैद्यांना सुळावर चढवलेलं. दोन माणसांना जमिनीवर ताणून त्यांची कातडी सोलताहेत. आणि हे शत्रूने केलेलं चित्रण नव्हे! त्यांनी स्वतःच, आपल्या राजवाड्याच्या भिंतीवर, अभिमानाने कोरून घेतलेलं. हे तुमचं निनवे.

बाई : माहीत आहे मला निनवे काय होतं.

वकीलसाहेब : मग पुढचंही ऐका. योना यराबामाच्या काळातला म्हणता ना? म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकाचा पूर्वार्ध. याच अश्शूरने 722 मध्ये राजधानी शोमरोन घेतली. योनाचं स्वतःचं राज्य नकाशावरून पुसलं, लोकांना धरून नेलं. गोष्ट खरी धरली तर हिशेब सोपा आहे. ज्या शहराला देवाने सोडलं, त्याच्याच सैन्याने दोन पिढ्यांत योनाच्या नातवंडांची घरं जाळली. जामीन दिला आणि आरोपीने बाहेर येऊन फिर्यादीचंच घर पेटवलं. अशा न्यायाधीशाला तुम्ही दयाळू म्हणता.

वकीलसाहेबांचा हा मुद्दा भक्कम आहे, आणि चर्चमधल्या प्रवचनांत तो सहसा येत नाही. योनाला कोत्या मनाचा, देशाभिमानाने आंधळा झालेला ठरवून प्रवचन पुढे सरकतं. बाईंनी मात्र तो टाळला नाही.

बाई : हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? बहुतेक अभ्यासक म्हणतात की पुस्तक योनाच्या काळातलं नव्हेच. बाबेलच्या हद्दपारीनंतरचं, इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकातलं. तोवर शोमरोन पडून तीनशे वर्षं झालेली. यरुशलेमही एकदा जळून गेलेलं. निनवेसुद्धा इ.स.पू. 612 मध्ये बाबेल आणि मेदी लोकांनी धुळीला मिळवलेलं. लिहिणाऱ्याला हे सगळं माहीत, ऐकणाऱ्यालाही माहीत. निनवे म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येत असणार. तरीही त्याने गोष्टीसाठी नेमकं निनवेच निवडलं. सोपं एखादं शहर घेता आलं असतं. माफी स्वस्त आहे असं त्याला सांगायचं असतं तर त्याने किरकोळ पापी निवडले असते.

वकीलसाहेब : हे मी कधी असं पाहिलं नव्हतं. पण त्याने माझा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. एवढं माहीत असूनही माफ कर म्हणतो?

बाई : योनाला स्वतःला काय मिळालं ते बघा. देवाचा हुकूम मोडला, गलबतावरच्या निरपराध लोकांचा जीव धोक्यात घातला. ते खलाशी परक्या देवांचे, पण त्यांनी याला फेकण्याआधी जिवाच्या आकांताने वल्ही मारून किनारा गाठायचा प्रयत्न केला. मालसुद्धा समुद्रात टाकला होता त्यांनी. नंतर माशाच्या पोटात याने आपल्या सुटकेबद्दल आभाराचं सुंदर स्तोत्र म्हटलं. म्हणजे आपल्याला जामीन मिळाला तर स्तोत्र, निनवेला मिळाला तर हरकत!

वकीलसाहेब : अहो बाई, गुन्हे तरी सारखे आहेत का? योनाचा गुन्हा काय? समन्स चुकवलं. निनवेचा गुन्हा कत्तलीचा. समन्स चुकवणारा आणि कातडी सोलणारा एका तराजूत घालता? हा योनावर अन्याय आहे, आणि कातडी सोललेल्यांवर तर त्याहून मोठा.

दोघांचाही आवाज चढला होता. रायपूरच्या मराठीत चिडलं की हिंदी शिरते, तशी ती शिरायला लागली होती. बाईंनी मग वादाची जागा बदलली आणि त्या शेवटच्या प्रसंगाकडे गेल्या. माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

शहराचं काय होतं ते बघायला योना शहराबाहेर पूर्वेला झोपडी करून बसतो. अजून त्याला आशा आहे, चाळीस दिवस सरतील आणि शहर उलथेल. देव त्याच्या डोक्यावर एक रोप उगवतो, मोठ्या पानांचं. पुष्कळ जण ते एरंड होतं म्हणतात. योना खूश होतो. संपूर्ण पुस्तकात तो खूश झालेला एवढाच. पहाटे देव एक किडा पाठवतो, रोप वाळतं, वर ऊन आणि पूर्वेचा झळांचा वारा. योना पुन्हा म्हणतो, मरण बरं.

बाई : नौतप्याच्या उन्हात दुपारी दोनला तात्यापारा चौकात डोक्यावर काही न घेता उभे राहून बघा, मग त्याचं मरण मागणं नाटकी वाटणार नाही. आणि देव त्याला जे विचारतो त्याचा अर्थ एवढाच, की तू न लावलेल्या, न वाढवलेल्या रोपासाठी तुझा जीव कळवळतो, तर या शहरात 1 लाख 20 हजार माणसं आहेत ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही, शिवाय पुष्कळ जनावरं आहेत, त्यांच्यासाठी माझा कळवळू नये? पुस्तक इथे संपतं. योनाचं उत्तर नाही.

वकीलसाहेब : उजवा-डावा न कळणारे म्हणजे मुलं?

बाई : काही जण मुलं म्हणतात, काही जण अडाणी लोक म्हणतात. मी मुलं धरते. पण बघा, देव काय म्हणाला नाही? राजाने गोणताट नेसलं म्हणून सोडलं, असं तो योनाला सांगत नाही. पश्चात्तापाचं नावही काढत नाही. तो माणसं मोजतो, गुरं मोजतो. शहर उलथायचं म्हटलं की ते निवडून उलथता येत नाही, एवढीच त्याची बाजू.

वकीलसाहेब : मग मुलांना वाचव आणि सेनापतींना टांग. देवाला एवढंही जमू नये?

बाई : देवाला जमेल. सैन्याला जमतं का? तुम्ही झीरमचं नाव घेतलंत, मी ताडमेटलाचं घेते.

वकीलसाहेब : घ्या ना. 6 एप्रिल 2010. नक्षल्यांनी 76 जवान मारले.

बाई : आणि मार्च 2011? त्याच ताडमेटलात, शेजारच्या गावांतही, लोकांची घरं जळली. सीबीआयने पुढे विशेष पोलीस अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. जवानांना मारलं तेही ताडमेटला, आणि वर्षाच्या आत जळालं तेही ताडमेटला. जून 2012 मध्ये सारकेगुड्यात 17 जण मारले गेले. न्यायिक आयोगाने 2019 मध्ये म्हटलं की ते नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही. आता सांगा, निनवे कुठलं? तुम्ही जंगलाकडे बोट दाखवाल, जंगलातला माणूस रायपूरकडे दाखवेल. प्रत्येकाचं निनवे दुसरीकडेच असतं वकीलसाहेब.

वकीलसाहेब : नक्षल्यांविरुद्धचं सलवा जुडूम 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडलं, तेव्हा मी पेढे वाटले होते, विसरलात? माझं म्हणणं एका बाजूचं नाही. हिशेब दोन्हीकडचा द्या. पण द्या! माझी तक्रार दयेबद्दल नाही, हिशेब न देता मिळणाऱ्या दयेबद्दल आहे.

इथून वाद खरा रंगला, कारण आता दोघं वेगळ्याच प्रश्नावर आले होते. माफ करावं की नाही हा प्रश्न मागे पडला आणि माफ करण्याचा अधिकार कुणाचा, हा पुढे आला.

वकीलसाहेब : वाल्या कोळ्याची गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. माणूस मारला की रांजणात एक खडा. सात रांजण भरले. नारद भेटले, बायकामुलं पापात वाटेकरी व्हायला तयार नाहीत हे कळलं, मग तप, मग वारूळ, मग वाल्मीकी. आपल्याकडे बलौदाबाजार जिल्ह्यात तुरतुरियाला त्यांचा आश्रम होता अशी श्रद्धा आहे, मेळा भरतो तिथे. मी दोनदा जाऊन आलोय, हात जोडलेत. पण त्या सात रांजणांतल्या खड्यांना कोणी काही विचारलं का हो? नारदाने वाल्याला त्याच्या बायकोकडे पाठवलं. मेलेल्याच्या बायकोकडे पाठवायला हवं होतं.

बाई : हं.

वकीलसाहेब : आणि कोर्टही तेच करतं. खुनाच्या खटल्याच्या कागदावर वर काय लिहिलेलं असतं? छत्तीसगढ़ शासन विरुद्ध अमुक. मेलेल्याचं नाव आत, तिसऱ्या परिच्छेदात, पोस्टमॉर्टेमच्या नंबराबरोबर. मारामारी, शिवीगाळ असले गुन्हे फिर्यादीला आपसात मिटवता येतात, जुन्या संहितेचं कलम 320. खून मिटवता येत नाही, कारण तो राज्याविरुद्ध मानला जातो. चांगलंच आहे ते, नाहीतर पैसेवाल्याने विधवेला दमदाटी करून मिटवलं असतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की माफ करायचं असो वा नसो, विधवेला कोणी विचारत नाही. तुमच्या देवानेही विचारलं नाही. लाखीशला सोललेल्या माणसाच्या वतीने माफ करायचा अधिकार त्याला कुणी दिला?

बाई : इंदूरच्या सिस्टर राणी मारियांचं ठाऊक आहे ना? केरळच्या, इंदूरकडे गरिबांत काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 ला बसमधून प्रवास करताना त्यांना चाकूने भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीणही सिस्टर. ती 2002 मध्ये तुरुंगात गेली आणि मारणाऱ्याला राखी बांधून आली. 2006 मध्ये तो सुटला, त्यातही घरच्यांच्या माफीचा हात होता. त्या मारेकऱ्याने नंतर त्यांच्या घरच्यांची माफी मागितली. राणी मारियांना 2017 मध्ये इंदूरला धन्यवादित म्हणून जाहीर केलं. माणसाला हे जमतं, तर देवाला का नको?

वकीलसाहेब : कारण ती बहीण होती! ज्याचं गेलं त्याने माफ केलं, तिथे मी डोकं टेकवतो. सरकारी मंचावरचा मंत्री बहीण नाही. आणि बहिणीला तिथे पोचायला सात वर्षं लागली, हेही बघा.

बाई : वेळ लागतो, ते मीच सांगणार होते. आमच्या टिळकांचंच घ्या, रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. त्यांची गोष्ट इथलीच आहे. 1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने येत होते, डब्यात एक मिशनरी भेटला, त्याने नवा करार हातात दिला. इथून दीड तासावरचं राजनांदगाव ते. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईला टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या देवाने त्यांना त्या दिवशीच पदरात घेतलं असेल, पण मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचं काय? त्यांना न सांगता, न विचारता नवरा गेला. लोकांची बोलणी त्यांनी खाल्ली. त्या टिळकांकडे परत यायला कितीतरी वर्षं गेली, 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंची स्मृतिचित्रे वाचा. देव आणि टिळक यांच्यातलं एका दिवसात मिटलं, लक्ष्मीबाई आणि टिळक यांच्यातलं मिटायला पाच वर्षं लागली. आणि ती लागायलाच हवी होती.

वकीलसाहेब : मग तुम्ही माझ्याच बाजूला आलात की!

बाई : नाही आले. देवाने लक्ष्मीबाईंसाठी थांबायला हवं होतं असं मी म्हणत नाही.

इथे मला मध्ये बोलावंसं वाटलं, कारण या दोघांच्या वादाचा निकाल एका मराठी बोलणाऱ्या समाजाच्या सणात आधीच लागलेला आहे. कोकणातून मुंबईत आलेले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे आपले शनवार तेली, वर्षातल्या सर्वांत मोठ्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला, योम किप्पूरला, मराठीत दारफाळणीचा सण म्हणत आले. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, कडकडीत उपास. दुसऱ्या दिवशी शिळा सण. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी बांधलं, आणि त्याचं नावच दयेचं द्वार असं आहे. जगभरच्या सिनेगॉगांत या उपासाच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, पोटात कावळे ओरडत असताना, योनाचं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात. आणि याच दिवसाबद्दल मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात, नियम आहे की माणसाने देवाचा अपराध केला असेल तर हा दिवस तो धुऊन काढतो. शेजाऱ्याचा केला असेल तर शेजाऱ्याची समजूत काढल्याशिवाय दिवसाचा उपयोग नाही.

तालमूदमध्ये निनवेबद्दलही एक उल्लेख आहे. योनाच्या पुस्तकात राजाच्या हुकुमात म्हटलंय की प्रत्येकाने आपल्या हातांतला जुलूम सोडावा. त्यावर रब्बी म्हणतात, याचा अर्थ असा की एखाद्याने तुळई चोरून तिच्यावर वाडा बांधला असेल, तर निनवेत त्याने अख्खा वाडा पाडला आणि तुळई मालकाला परत केली. तुळईची किंमत नव्हे, तुळई! मी हे सांगितल्यावर वकीलसाहेब खुर्चीतून पुढे सरकले.

वकीलसाहेब : हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? मग माझी काही तक्रारच नाही. वाडा पाडून तुळई परत करणार असाल तर या, गुलाब घ्या, माझ्याकडून दोन घ्या.

बाई : आणि जे परत करता येत नाही? माणूस?

वकीलसाहेब : माणूस परत येत नाही, खरं परत करता येतं. आमच्या कायद्यात माफीचा साक्षीदार असतो ना, जुनं कलम 306. त्याला माफी मिळते एका अटीवर. सगळं, आणि खरंखरं सांगायचं. काही दडवलं की माफी रद्द, पुन्हा खटला. कुणी कुणाला खबऱ्या ठरवून रात्री घरातून उचललं, प्रेत कुठे पुरलं, हुकूम कुणाचा होता, हे घरच्यांना कळलं तरी तुळई परत आली म्हणायची. दक्षिण आफ्रिकेने वर्णभेदानंतर हेच केलं. पूर्ण कबुली द्या, मग माफी. सात हजारांवर लोकांनी अर्ज केले, माफी मिळाली साडेआठशेच्या आसपास लोकांना. बाकीच्यांना नाही. देवापेक्षा तिथल्या आयोगाचे अध्यक्ष टुटू कडक निघाले म्हणा!

बाई : पोलिसांकडूनही घ्याल ही कबुली? सारकेगुड्याची?

वकीलसाहेब : घेईन. पहिली घेईन.

बाई : मग योनाला घरी जाऊ द्या आता.

वकीलसाहेब : तो घरी जात नाही, तोच तर घोळ आहे. पुस्तकात तो अजून उन्हातच बसलाय.

योनाचं पुढे काय झालं हे पुस्तक सांगत नाही, पण जमिनीने एक गंमत करून ठेवली आहे. इराकमधल्या मोसुल शहराच्या पूर्व भागात, प्राचीन निनवेच्याच एका टेकाडावर, योनाची कबर म्हणून शतकानुशतकं एक जागा पूजली गेली. वर नबी यूनुसची मशीद होती. ज्या शहराचं वाटोळं व्हावं म्हणून तो बसून राहिला, त्याच शहराच्या मातीत लोकांनी त्याला मानाने ठेवलं. जुलै 2014 मध्ये आयसिसने ती मशीद सुरुंग लावून उडवली. शहर परत मिळाल्यावर ढिगाऱ्याखालच्या भुयारांत एसरहद्दोनचा, म्हणजे लाखीश जिंकणाऱ्या सन्हेरीबाच्या मुलाचा, राजवाडा सापडला. आणि अश्शूरच्या त्या प्रदेशातले पौर्वात्य ख्रिस्ती आजही दरवर्षी तीन दिवस निनवेचा उपास करतात. केरळच्या सिरियन ख्रिस्त्यांतही तो पाळला जातो. योनाला ज्यांचा राग होता त्यांचेच वारस त्याच्या नावाने उपाशी राहतात. हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. वकीलसाहेब म्हणाले, यात त्याला आणखी राग आला असेल.

माझं मत विचाराल तर देवाच्या बाबतीत मी बाईंच्या बाजूचा आहे. 1 लाख 20 हजार अजाण जीव आणि त्यांची गुरं यांच्यासाठी शहर सोडणारा देव मला समजतो, आणि त्याने माझी परवानगी घेतली नाही याबद्दल माझी तक्रार नाही. सरकारच्या बाबतीत मात्र मी वकीलसाहेबांचं वकीलपत्र घेतो. सरकार देव नाही. त्याला माणसांमधला हिशेब मिटवायचा आहे, आणि तो मेलेल्यांच्या घरच्यांना वगळून मिटत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये बस्तरमधले नक्षली हिंसेत हातपाय गमावलेले लोक आपलं गाऱ्हाणं घेऊन दिल्लीपर्यंत गेले, कारण त्यांना आपलं म्हणणं ऐकवायला त्याहून जवळची जागा दिसली नसावी. छत्तीसगढ़ सरकारच्या 2025 च्या धोरणाच्या नावात शरण येणारे आणि पीडित दोघंही आहेत, ही चांगली गोष्ट आहे. दोघांना रक्कम, घर, जमीन देण्याची त्यात सोय आहे. 2020 पासून दंतेवाड्यात चाललेल्या लोन वर्राटू मोहिमेने, गोंडीत घरी परत या म्हणून साद घालून, पुष्कळांना जिवंत परत आणलं, हेही मोठं काम आहे. त्याला माझा विरोध नाही.

मागणी एकच आहे, आणि ती नवा रायपुरातल्या महानदी भवनात, म्हणजे मंत्रालयात बसणाऱ्यांकडे आहे. शरण येणाऱ्या प्रत्येकाकडून, आणि ज्यांच्यावर चौकशी आयोगांनी ठपका ठेवला त्या वर्दीतल्या लोकांकडूनही, माफीच्या साक्षीदारासारखं संपूर्ण आणि खरं निवेदन लिहून घ्यावं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला त्याची प्रत द्यावी, गोंडीत आणि हलबीत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती घरी जाऊन वाचून दाखवावी. गुलाब त्यानंतर द्यावा.